स्मिथ (आडनाव)

स्मिथ : इंग्रजी भाषिक देशांतील सर्वाधिक प्रचलित आडनाव. ‘स्मिथ’ म्हणजे धातू घडविणारा कारागीर, मुख्यतः लोहार. हा शब्द प्राचीन इंग्रजीतील असून त्याचे सजातीय शब्द बहुतेक जर्मानिक भाषांत आढळतात (उदा., जर्मन श्मिट). ‘प्रहार करणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून तो आला, ही लोकप्रिय व्युत्पत्ती ग्राह्य नाही. मुळात तो कोणत्याही कुशल कारागिराचा वाचक असावा.

नॉर्मन विजयापूर्वी (१०६६) इंग्लंडमध्ये वंशपरंपरागत आडनावे नव्हती. विजेत्या सरदारांनी ती जहागिरींवरून घेतली. पुढे जमिनीचे दस्तऐवज व करवसुली यांकरिता जॉन, विल्यम अशा मोजक्याच नावांच्या सामान्य माणसांतही भेद करणे अवश्य झाले. चौदाव्या शतकात बहुतेक इंग्रज कुटुंबांची उपनामे स्थिरावत गेली. लॅटिन दप्तरांत लोहाराची नोंद ‘फाबेर’ अशी होई.

गावात लोहार एखाददुसराच आणि शेतकरी बहुसंख्य. मग लोहाराचेच आडनाव सर्वाधिक का? याचे उत्तर त्या विरळपणातच आहे. शेतकऱ्यांच्या गावात ‘शेतकरी’ या शब्दाने कोणाचीच ओळख पटत नाही. (इंग्रजीतील फार्मर हे आडनावदेखील बव्हंशी करवसुलीचा मक्ता घेणाऱ्याचे होते.) नांगराचे फाळ, नाल व हत्यारे यांसाठी साऱ्या गावाचे लोहारावाचून अडे आणि जवळजवळ प्रत्येक गावास तो लागे. भट्टी व ऐरण बापाकडून मुलाकडे जाई. तिच्याबरोबर नावही जाई. नेस्मिथ (सुऱ्या करणारा), ॲरोस्मिथ (बाणांची टोके करणारा) ही विशेष धंद्यांची आडनावे याच शब्दापासून बनली. स्मिथ, स्माइथ हे केवळ लेखनभेद होत.

अशा रीतीने हे नाव शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे उगवले. म्हणून दोन स्मिथ एकाच कुळातील असतील, असे केवळ आडनावावरून अनुमान करणे चुकीचे ठरते. हौशी वंशावळीकार मात्र ही चूक वारंवार करतात. लेस्टर विद्यापीठातील ट्युरी किंग व मार्क जॉबलिंग यांनी २००९ मध्ये ४० इंग्रजी आडनावांच्या पुरुषांतील वाय-गुणसूत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विरळ आडनावांत समान पूर्वजाची खूण ठळकपणे दिसली. स्मिथांत मात्र ती भिन्न आडनावांच्या पुरुषांहून अधिक आढळली नाही.

शिवाय अनेकांनी हे नाव मागाहून धारण केले. आयर्लंडमध्ये, विशेषतः कॅव्हन परगण्यात, लोहारपुत्र या अर्थाचे मॅक गव्हन हे गेलिक नाव इंग्रजी सत्तेखाली स्मिथ झाले. ब्रिटनमधील रोमा लोकांतील पेटुलेंग्रो (नालकार) कुटुंबांनीही ते वापरले. अमेरिकेत गेलेल्या अनेक श्मिटांनी तेच केले.

अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत हे आडनाव प्रथम क्रमांकावर असून ते धारण करणारे २४,४२,९७७ होते. त्यांपैकी सु. २३ टक्के कृष्णवर्णीय होते. गुलामांच्या आडनावांची शासकीय दप्तरे सहसा दखल घेत नसत. गुलामगिरी १८६५ मध्ये नष्ट झाल्यावर मुक्त झालेल्यांची आडनावे जनगणनेत नोंदली जाऊ लागली. त्यांतील काही मालकांची, काही स्वतः निवडलेली होती. एखाद्या घराण्यात यांपैकी काय घडले, हे नावावरून कळत नाही. १८७० ची जनगणना ही अशा बहुसंख्य कुटुंबांची नावनिशीवार पहिली नोंद होय.

स्कॉटलंडमध्येही स्मिथ हेच सर्वाधिक प्रचलित आडनाव आहे; वेल्समध्ये तो मान जोन्सकडे जातो.