बोटांच्या टप्प्यात आलेला गिअर

आजच्या अनेक मोटारींत स्टिअरिंगच्या चक्रामागे दोन लहान पाती असतात. उजवे ओढले की वरचा गिअर पडतो, डावे ओढले की खालचा. या मूळ पात्यांवर ॲल्युमिनियमची किंवा कार्बन फायबरची लांब जोडपाती बसवून घेण्याचा परिपाठ हौशी मोटारमालकांत चांगलाच रूढ झाला आहे. वरवर पाहणाऱ्यास हा केवळ शृंगार वाटतो. परंतु चालकाचा हात आणि गिअर यांच्यातील अंतर कमी करण्याचे जे प्रयत्न शतकभर चालले, त्यांची परंपरा नजरेपुढे ठेवली असता असे दिसते की, कारखान्याने अपुरे ठेवलेले एक काम या लहानशा जोडकामाने पुरे होते.

आरंभीच्या कित्येक मोटारींत गिअरचा दांडा चालकाच्या आसनाच्या बाहेरच्या अंगास असे. एक हात चक्रावरून काढावयाचा, पायाने क्लच दाबावयाचा, इंजिनाच्या गतीचा अदमास कानाने घ्यावयाचा आणि मग दातेरी चाके एकमेकांत घुसवावयाची, असा तो सारा खटाटोप होता. १९२८ साली कॅडिलॅकने सिंक्रोमेशची योजना करून दात्यांचा कर्कश झगडा मिटवला, तरी हाताची यातायात मिटली नाही. ती कमी करण्याची एक मातब्बर तजवीज ज्या वॉल्टर विल्सन या ब्रिटिश अभियंत्याने केली, त्याचे नाव पहिल्या महायुद्धातील रणगाड्याच्या निर्मितीशीही निगडित आहे. त्याच्या गिअरपेटीत चक्रालगतच्या छोट्या दांडीने पुढचा गिअर आधीच मुक्रर करून ठेवता येई आणि पायाने पट्टी दाबताच तो अमलात येई. डेमलरच्या मोटारींनी आणि पुढे लंडनच्या बसगाड्यांनी ही पद्धत स्वीकारली. अमेरिकेत १९३५ च्या अखेरीस लोकांपुढे आलेल्या कॉर्ड ८१० या मोटारीत तर स्टिअरिंगच्या खांबावर बोटाने हलवावयाची एक चिमुकली दांडी होती आणि प्रत्यक्ष गिअर बदलण्याचे कष्ट वीज व निर्वात यांच्यावर सोपवले होते.

१९३८-३९ च्या सुमारास अमेरिकन कारखानदारांनी साध्या गिअरचा दांडाही जमिनीवरून उचलून स्टिअरिंगच्या खांबावर आणला, त्यामागे पुढच्या सलग आसनावर तिघांना ऐसपैस बसता यावे हा हेतू होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट ११०० ने आणि तिचाच पुढील अवतार असलेल्या प्रीमियर पद्मिनीने ही रचना मुंबईच्या अंगवळणी पाडली. २०२३ च्या ऑक्टोबरात पद्मिनी टॅक्सी निवृत्त होईपर्यंत, दादर-परळच्या गर्दीत डाव्या हाताच्या वीतभर हालचालीने गिअर बदलणारे वाकबगार टॅक्सीचालक या शहराने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले. दांडा असा जवळ आला. तथापि पंजा चक्रावरून सुटावयाचा तो सुटतच होता.

तो सुटू नये, अशी व्यवस्था शर्यतीच्या मैदानावर झाली. फेरारीच्या सेवेतील इंग्रज अभियंता जॉन बर्नार्ड याला मोटारीचा सांगाडा शक्य तितका अरुंद हवा होता आणि दांडा, त्याला जोडणाऱ्या सळया व तो हलवणाऱ्या कोपरासाठी लागणारी जागा हे त्याच्या मार्गातले अडथळे होते. म्हणून त्याने फेरारी ६४० मध्ये सात गिअरांचा कारभार वीज व तेलाचा दाब यांच्या हवाली केला आणि चालकाच्या बोटांशी चक्रामागची दोन पाती आणून ठेवली. सरावात ही यंत्रणा वारंवार बिघडत असे. असे असूनही २६ मार्च १९८९ रोजी ब्राझीलमधील जाकारेपाग्वाच्या मैदानावर नायजेल मॅन्सेलने तिच्याच बळावर पहिली शर्यत जिंकली. पुढील काही वर्षांतच फॉर्म्युला वनमधून दांड्याचा अंमल संपुष्टात आला. १९९७ मध्ये फेरारीने एफ३५५ या रस्त्यावरील मोटारीस ही पाती दिली आणि २००३ पासून फोक्सवॅगन व ऑडी यांच्या दुहेरी क्लचच्या गिअरपेट्यांबरोबर ती सामान्य गृहस्थाच्या आटोक्यात येऊ लागली.

परंतु शर्यतीचे चक्र आणि रस्त्यावरचे चक्र यांचा धर्म भिन्न आहे. शर्यतीत चक्र थोडेच फिरते, हात जागचे हलत नाहीत, म्हणून बोटभर पाते तेथे पुरते. रस्त्यावरील मोटारीचे चक्र मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोनाहून अधिक फेरे घेते. घाटाच्या वळणावर पंजा सरकतो आणि नेमका गिअर उतरवावयाच्या क्षणी पाते बोटांखालून निसटते. काही कारखानदारांनी यावर पाती खांबाला पक्की जखडून ती लांब केली. ज्यांनी ती चक्रावरच बसवली, त्यांतील बहुतेकांनी ती प्लास्टिकची व आखूड ठेवली. जोडपात्याचे प्रयोजन येथे उत्पन्न होते.

हे काम थोडक्या साहित्यात होते, पण धांदलीने होत नाही. मूळ पात्यावरील हाताचे तेल स्पिरिटने निपटून काढावे. जोडपाते न चिकटवता आधी नुसते लावून पाहावे. चक्र दोन्ही अंगांस पूर्ण फिरवून इंडिकेटरच्या आणि वायपरच्या दांडीशी ते कोठे अडखळत नाही, ओढल्यावर मूळ पाते पूर्ण मागे जाते व सोडताच परत येते, याची खातरजमा करावी. मगच दुहेरी चिकटपट्टीचा कागद सोलून ते एकवार नेमके टेकवावे, घट्ट दाबून धरावे आणि चिकटा धरेपर्यंत एक दिवस त्याला हात लावू नये. ज्या प्रकारांत मूळ पातेच काढून दुसरे बसवावे लागते, तेथे बहुधा चक्रातील एअरबॅग उतरवावी लागते, आणि ते काम जाणत्या कारागिराकडेच सोपवणे श्रेयस्कर.

यंत्राचा इतिहास त्याच्या निर्मात्याच्या मेजावर समाप्त होतो, असे मानणे मला अन्यायाचे वाटते. विल्सन आणि बर्नार्ड यांची नावे ग्रंथांत रुजू झाली, ते योग्यच आहे. परंतु आपल्या पंजाचे माप घेऊन, चक्र फिरवून पाहून, कारखान्याच्या आखूड पात्यास दोन-तीन बोटांची लांबी देणारा अनाम मोटारमालक हाही त्याच परंपरेचा वारस आहे. हात सुकाणूवर राहावा आणि गिअरने हाताकडे यावे, हे जे सूत्र या साऱ्या खटपटीतून सिद्ध झाले, ते घाटातील वळणापर्यंत नेण्याचे श्रेय त्याच्याच पदरी पडले पाहिजे.