अठरा नाण्यांचा होला आणि त्याचा गरीब भाऊबंद

पठाणी होला आपल्याला काही नवा नाही. फिकट राखाडी अंग, मानेमागे काळी अर्धी कड... शेताच्या कडेला विजेच्या तारेवर हमखास बसलेला. पण १९०० च्या सुमारास युरोपात बाल्कन भाग सोडला तर हा पक्षी जवळजवळ कुठेच नव्हता, हे वाचून मी उडालोच.

हंगेरीच्या फ्रिवाल्दस्कीने १८३८ साली त्याचं 'डेकाओक्टो' असं नामकरण केलं. ग्रीकमध्ये डेकाओक्टो म्हणजे अठरा. दंतकथा अशी, की एका मोलकरणीला वर्षाला फक्त अठरा नाणी पगार मिळायचा. तिने देवांकडे गाऱ्हाणं नेलं, आणि देवांनी मालकिणीची अब्रू चव्हाट्यावर मांडायला "डेका-ऑक्टो" असं घुमणारा पक्षीच घडवला! (अप्रेझलच्या दिवसांत ही गोष्ट फार जवळची वाटते.)

१९३० च्या सुमारास हा होला हंगेरीत पोचला, मग जर्मनी, आणि १९५५ मध्ये थेट इंग्लंडात, नॉरफोकला त्याचं पहिलं घरटं. कोणी पिंजऱ्यातून नेलेलं नाही, स्वतःच्या पंखांवर गेला पठ्ठ्या.

त्याचा तिथला भाऊबंद म्हणजे टर्टल डव्ह. यातल्या टर्टलचा कासवाशी काडीचाही संबंध नाही बरं का, तो "तुर्र-तुर्र" आवाजावरून आलाय. दोघांचं कुळ एक, अंडीही दोन-दोनच. तरी १९७० च्या आसपासच्या तुलनेत ब्रिटनमधले ९५ टक्क्यांहून जास्त टर्टल डव्ह संपले. २०१५ मध्ये आययूसीएनने त्याला जगभरासाठी 'असुरक्षित' ठरवलं. आपला होला मात्र 'चिंता नाही' या यादीत मजेत आहे.

असं का? होला माणसाच्या अंगणात सांडलेल्या दाण्यांवर जगतो, थंडीतही तिथेच राहतो, वर्षभरात विणीमागून विणी काढतो. टर्टल डव्ह शेतातल्या तणांचं बी खातो. तणनाशकं आली, तण गेलं, आणि जोडीमागे होणाऱ्या विणी १९६० च्या दशकातल्या जवळपास निम्म्यावर आल्या. त्यात हिवाळा काढायला सहारा ओलांडून साहेल गाठायचं, म्हणजे वाटेत बंदुका आल्याच.

फ्रान्स, स्पेन आणि पोर्तुगालने २०२१ पासून काही वर्षं ही शिकार थांबवली, आणि पश्चिम युरोपात संख्या पुन्हा वाढू लागली. इंग्लंडात काही शेतकरी आता मुद्दाम थोडी जमीन तणासाठी सोडतात.