नेमबाजीचे गुरु आणि विद्येचें संक्रमण

महाभारताच्या आदिपर्वांत द्रोणाचार्यांच्या शिष्यपरीक्षेची जी कथा आहे, ती आपल्या घरांतील लहान मुलांसहि मुखोद्गत असते. परंतु त्याच प्रकरणांतील एक साधी नोंद बहुधा वाचकांच्या नजरेंतून निसटते. द्रोणांनीं सर्व राजपुत्रांस सर्वच शस्त्रें शिकविलीं; पण शिक्षण पुरें झालें तेव्हां भीम व दुर्योधन गदेंत, नकुल-सहदेव तलवारींत, युधिष्ठिर रथयुद्धांत आणि अर्जुन धनुर्विद्येंत विशेष श्रेष्ठ ठरला. इतकेंच नव्हे, तर गदेंत श्रेष्ठ ठरलेल्या त्या दोघांनाहि बलरामाकडे शिष्यत्व पत्करावें लागलें. सर्वशस्त्रविशारद गुरु लाभल्यावरहि एका शस्त्रासाठीं दुसऱ्या गुरूच्या दारीं जाण्याची गरज कां पडावी?

हा प्रश्न केवळ पुराणांतला नाहीं. आपल्या देशांत उत्तम क्रीडाशिक्षकांस १९८५ सालापासून द्रोणाचार्यांच्याच नांवानें पुरस्कार देण्यांत येतो, आणि गेल्या पंचवीस वर्षांत ज्या खेळांत भारतास ऑलिंपिक पदकें मिळालीं त्यांत नेमबाजीचें स्थान मोठें आहे. आतां नेमबाजी हें नांव एक असलें तरी तिच्या पोटांत निरनिराळ्या विद्या आहेत. रायफल शिकविणारा थोर गुरु पिस्तुल शिकवूं शकेल काय? पिस्तुलाचा गुरु उडत्या तबकडीवर बंदूक चालविण्याची कला देऊं शकेल काय? ज्यांचीं मुलें आज नेमबाजीच्या मैदानावर जाऊं लागलीं आहेत, त्या कुटुंबांस हा विचार अगदीं व्यवहाराचा आहे.

प्रथम भेद किती खोल आहे तें पाहूं. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा जो बिंदु असतो, त्याचा व्यास अवघा अर्धा मिलिमीटर. तो साधण्यासाठीं नेमबाज जाड, ताठ पोशाखानें शरीर जखडून घेतो, श्वास आवरतो आणि चाप इतक्या हळू दाबतो कीं गोळी सुटल्याचें त्याचें त्यालाच आश्चर्य वाटावें. पिस्तुलांत तो आधार नाहीं. एकच हात लांब केलेला, आणि तो हालणारच हें गृहीत धरून चालावयाचें. दृष्टि लक्ष्यावर नव्हे, तर शस्त्रावरील माशीवर ठेवावयाची. लक्ष्य अंधुक दिसलें तरी चालेल. ट्रॅप नांवाच्या प्रकारांत मात्र सारेंच उलटें होतें. पुढच्या खंदकांतून तबकडी कोणत्या दिशेस उसळेल हें ठाऊक नसतें. दृष्टि तबकडीवर खिळलेली, बंदूक तिच्यामागें धांवती, आणि चाप तत्क्षणीं ओढलेला. जो येथें रायफलवाल्याप्रमाणें स्थिर होऊन माशी न्याहाळूं लागेल, त्याची तबकडी केव्हांच निघून गेलेली असेल. एका विद्येंतील सद्‌गुण दुसऱ्या विद्येंत दुर्गुण ठरतो, तो असा.

यावरून गुरु एकाच विद्येपुरता असतो, असें कोणी म्हणेल. आणि त्या पक्षाला पुरावाहि चांगला आहे. २००४ सालीं अथेन्स येथें डबल ट्रॅप या प्रकारांत आपल्या राज्यवर्धन राठोड यांनीं रौप्यपदक मिळविलें, तेव्हां सुवर्णपदक संयुक्त अरब अमिरातीच्या शेख अहमद अल मक्तूम यांस मिळालें होतें. पुढें त्याच अल मक्तूम यांनीं पीटर विल्सन या इंग्रज तरुणास शिकविलें, आणि २०१२ सालीं लंडनला विल्सननें त्याच प्रकारांत सुवर्णपदक जिंकलें. आपल्याकडीलहि उदाहरण घ्या. दीपाली देशपांडे या तीन अवस्थांतील रायफल नेमबाजीच्या ऑलिंपिक खेळाडू. त्यांचा शिष्य कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे यानें २०२४ सालीं पॅरिसला तीन अवस्थांच्याच स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें. गुरूनें जी वाट स्वतः चालून पाहिली, तिच्यावरचे खांचखळगे शिष्यास चुकवितां येतात, हें यावरून स्पष्ट दिसतें.

परंतु दुसरी बाजूहि तितकीच बळकट आहे. केरळांतील सनी टॉमस हे महाविद्यालयांत इंग्रजीचे अध्यापक होते आणि स्वतः रायफलचे नेमबाज. १९९३ पासून २०१२ पर्यंत ते भारतीय नेमबाजांचे मुख्य मार्गदर्शक राहिले. २००१ सालीं त्यांस द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. त्यांच्या कारकीर्दींत राठोड यांस बंदुकीच्या, अभिनव बिंद्रा यांस २००८ सालीं व गगन नारंग यांस २०१२ सालीं एअर रायफलच्या, आणि विजय कुमार यांस शीघ्र पिस्तुलाच्या स्पर्धेंत पदक मिळालें. एका रायफलवाल्याच्या देखरेखीखालीं तीन निरनिराळ्या शस्त्रांस यश आलें! मात्र येथें घाई करूं नये. बिंद्रा यांस जर्मनींत हाइन्ट्स राइन्केमायर व गाब्रिएले ब्यूलमान यांचें शिक्षण लाभलें होतें. नारंग यांच्यामागें कझाकस्तानचे स्तानिस्लाव लापिदुस व विजय कुमार यांच्यामागें रशियाचे पावेल स्मिर्नोव्ह होते. म्हणजे शस्त्राचें सूक्ष्म ज्ञान त्या त्या विद्येच्या गुरूकडून येत होतें; आणि सर्वांस एकत्र बांधणें, शिस्त राखणें, आपण जगांत कोणाहून कमी नाहीं ही भावना रुजविणें, हें मुख्य मार्गदर्शकाचें कार्य होतें. हें कार्य एका शस्त्रापुरतें नसतें.

मग एका विद्येंतून दुसरींत नेमकें जातें तरी काय? हंगेरीच्या कारोय ताकाच या सैनिकाचें चरित्र या ठिकाणीं बोधप्रद आहे. १९३८ सालीं हातबाँब फुटून त्याचा उजवा हात, म्हणजे त्याचा नेमबाजीचा हात, निकामी झाला. त्यानें कोणास न सांगतां डाव्या हाताचा सराव आरंभिला आणि १९३९ सालीं आपल्या देशाचें विजेतेपद मिळविलें. महायुद्धामुळें दोन ऑलिंपिक बुडालीं. तरी १९४८ व १९५२ सालीं शीघ्र पिस्तुलाचें सुवर्णपदक त्यानेंच नेलें. १९५२ सालीं हेलसिंकीला त्याच्या खालोखाल सिलार्द कुन आला, तो त्याचाच शिष्य. ताकाचच्या डाव्या हातास कांहींच येत नव्हतें. सर्व पुन्हां शिकावें लागलें. पण काय शिकावयाचें, कोणत्या क्रमानें, आणि चूक कशी ओळखावयाची, हें त्या माणसास ठाऊक होतें. हात गेला तरी विद्येचा हा भाग गेला नाहीं. अमेरिकेच्या किम रोड हिनेंहि हेंच सिद्ध केलें. डबल ट्रॅपमध्यें १९९६ व २००४ सालीं सुवर्णपदक जिंकल्यावर स्त्रियांसाठीं तो प्रकार बंद झाला. ती स्कीटकडे वळली आणि तेथें २००८ सालीं रौप्य, २०१२ सालीं सुवर्ण व २०१६ सालीं कांस्य मिळविलें. मात्र हीं दोन्ही उदाहरणें जवळच्या विद्यांचीं आहेत, हें ध्यानांत ठेवावें. उडी जितकी लांब, तितकें हातांतलें ओझें टाकावें लागतें.

आम्हांस असें वाटतें कीं गुरूच्या विद्येचे तीन थर असतात. पहिला शस्त्राचा: दृष्टि कोठें, चाप कसा, देह कसा. हा थर बहुतांशीं जेथल्या तेथेंच राहतो. दुसरा शिष्य ओळखण्याचा व सरावाची मांडणी करण्याचा. हा मोठ्या प्रमाणांत बरोबर नेतां येतो. सुमा शिरूर या स्वतः उभ्यानें एअर रायफल चालविणाऱ्या; पण नवीन पनवेल येथें शिकविणाऱ्या या गुरूची शिष्या अवनी लेखरा हिनें चाकाच्या खुर्चींत बसून टोकियो व पॅरिस येथील पॅरालिंपिक स्पर्धांत सुवर्णपदक मिळविलें. शस्त्र तेंच असलें तरी देहाची सारी मांडणी नव्यानें बसवावी लागली असणार. तिसरा थर मनाचा: भय, घाई आणि हाव यांस आवरण्याचा. हा तर खेळाची सीमाहि ओलांडतो. नाशिकचे भीष्मराज बाम यांनीं योगाच्या आधारें नेमबाजांप्रमाणेंच क्रिकेट व बुद्धिबळ खेळणारांसहि मार्गदर्शन केलें, ते याच बळावर.

यांतून निघणारा व्यवहार लोकमताच्या अगदीं उलट आहे. सामान्यतः लोक म्हणतात, ‘नवशिक्यास कोणीहि शिकवावें, विशेषज्ञ हवा तो निष्णात झाल्यावर.’ आमच्या मतें नवशिक्यासच त्या विद्येचा खरा जाणकार पाहिजे. कारण कोवळ्या हातास एकदां चुकीची संवय जडली, कीं ती काढण्यास वर्षें जातात. उलट, ज्याचा हात तयार झाला आहे त्यास दुसऱ्या विद्येंतील शहाण्या माणसाकडूनहि पुष्कळ मिळतें. त्यास उणीव असते ती बहुधा मनाची. त्यालाहि स्वतःच्या विद्येचा गुरु सोडतां येत नाहीं, हें अल मक्तूम-विल्सन यांच्या उदाहरणावरून खरेंच. पण एवढ्यावरच त्याचें भागत नाहीं. म्हणून ज्या संस्थांस शिक्षक नेमावयाचा असेल, त्यांनीं छातीवरील पदक पाहून थांबूं नये. तें पदक कोणत्या थराचें प्रमाण आहे, असा प्रश्न विचारावा.

आम्हां अध्यापकांसहि यांत विचार करण्याजोगें आहे. ज्यास उत्तम शिकवितां येतें त्यास कांहींहि शिकवितां येईल, हा अभिमान आमच्या वर्गांत अधूनमधून डोकावत असतो. पण द्रोणाचार्यांचे शिष्य बलरामाकडे गेले, यांत द्रोणांस कांहीं उणेपणा आला नाहीं. त्यांनीं दिलेली एकाग्रता घेऊनच ते तिकडे गेले; गदेचे डावपेंच मात्र त्यांस बलरामाकडूनच घ्यावे लागले.