सेलबोर्नचे पांढरे कावळे

पांढरा कावळा पाहिला असें कोणी सांगितलें तर आपण त्याच्या बोलण्याची नव्हे, बुद्धीचीच परीक्षा करूं लागतों. परंतु इंग्लंडांतील हँपशायर परगण्यांतला पाद्री गिल्बर्ट व्हाइट हा थापा मारणारा गृहस्थ नव्हता. सेलबोर्न या आपल्या खेड्याच्या बागांतून व रानांतून हिंडून त्यानें जें डोळ्यांनीं पाहिलें तें पत्रांतून लिहिलें, आणि तीं पत्रें १७८९ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. त्यांपैकीं टॉमस पेनंट यास लिहिलेल्या एका पत्रांत पुढील हकीकत आहे.

रूक नांवाचा कावळ्याच्या जातीचा पक्षी उंच झाडांवर वसाहत करून राहतो. शेजारच्या एका गृहस्थाच्या झाडांवर अशा एका घरट्यांत दोन पिलें दुधासारखीं पांढरीं निपजलीं. तीं उडूं लागण्यापूर्वींच एका गाडीवानानें खालीं टाकून मारलीं. मालक हळहळला, असलें नवल त्याला जतन करावयाचें होतें. व्हाइटला तीं पिलें दिसलीं तीं कोठाराच्या भिंतीस खिळ्यांनीं ठोकलेलीं. चोंच, पाय, नख्या, सारेंच पांढरें शुभ्र.

व्हाइट त्या गाडीवानास मूढ म्हणून मोकळा होतो. येथें मात्र त्या सज्जनाचें म्हणणें मला पटत नाहीं. रूक धान्याची नासाडी करितात म्हणून त्यांचा नाश करण्याचा कायदा आठव्या हेन्रीच्या अमदानींतच झाला होता. १५६६ च्या कायद्यानें तर उपद्रवी ठरविलेल्या प्राण्यांचीं डोकीं आणणारांस चर्चच्या कारभाऱ्यांकडून पैसे मिळूं लागले. दोनशें वर्षें ज्याला हें शिकविलें, त्यानें पिलाचा रंग पाहून हात आंवरावा अशी अपेक्षा कशी करावी? प्रेतें भिंतीस ठोकणें हाही शेतकऱ्यांचा व शिकारीच्या राखणदारांचा रिवाजच होता.

पांढऱ्या पक्ष्यास निसर्गांतही धोका आहेच. ससाणा नजरेनें शिकार हेरतो, म्हणून युरोपांत कांहीं ठिकाणीं पांढरीं कबुतरें पाळूं नयेत असें लोकांस बजावीत, अशी नोंद डार्विननें १८५९ च्या आपल्या ग्रंथांत केली आहे. शिवाय ज्या काळ्या द्रव्याच्या अभावीं पीस पांढरें होतें, तेंच पिसाला बळकटीही देतें. त्यामुळें पांढरें पीस लवकर झिजतें. मग पिंजरा बरा म्हणावें, तर व्हाइटनेंच पिंजऱ्यांतला एक बुलफिंच पाहिला होता. रानांतून धरला तेव्हां त्याचे रंग पूर्ण भरलेले होते. मुख्यतः भांगेच्या बियांवर पोसला गेल्यानें चार वर्षांत तो कोळशासारखा काळा झाला!

तिसरा मार्ग यॉर्कशायरमधील वॉल्टन हॉलच्या चार्ल्स वॉटरटननें काढला. त्यानें आपल्या उद्यानाभोंवतीं सुमारें तीन मैलांचा दगडी कोट घातला. तो १८२६ मध्यें पुरा झाला. खर्च सुमारें नऊ हजार पौंड. न प्यालेल्या दारूच्या पैशांतून तो भागला असें सांगतात. कोल्हा बाहेर राहिला, आणि चोरटा शिकारीही. आंत बंदुकीला मनाई होती. घुबडांनाही त्यानें हद्दपार केलें नाहीं. उलट त्यांच्यासाठीं खास घर बांधून दिलें. तीं ओकीत त्या गोळ्या फोडून त्यानें आंतलीं हाडें तपासलीं, तों तीं उंदरांचीं निघालीं.