खाणीबाहेरचे मूल

रामटेक तालुक्यातील मनसर आणि कांद्री येथील मँगनीजच्या खाणींचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. १९२३ च्या खाण कायद्याने १३ वर्षांखालील मुलांना खाणीत कामास लावण्यास मनाई केली. मूल खाणीबाहेर आले, हे इष्टच झाले. परंतु आईबाप दिवसभर मजुरीवर असताना ते मूल कोणाच्या स्वाधीन करावे, याचे उत्तर कायद्यापाशी नव्हते. असे मूल पुढे हट्टी वा उनाड निघाले, की दोष त्याच्या स्वभावाला किंवा घरच्या संस्कारांना देऊन आपण मोकळे होतो. इतिहासाची साक्ष वेगळी आहे.

रोममधील सान लोरेंझो ही अशीच मजुरांची वस्ती. आईबाप कामावर गेले, की मागे राहिलेली मुले चाळीत धुडगूस घालीत, भिंती खराब करीत. चाळींच्या मालक संस्थेने त्यांची व्यवस्था डॉ. मारिया माँटेसोरी यांच्याकडे सोपविली. ६ जानेवारी १९०७ रोजी, प्रकटीकरणाच्या सणादिवशी, त्याच वस्तीत सुमारे ५० बालकांसाठी ‘मुलांचे घर’ उघडले. तेथे बक्षीस वा शिक्षेऐवजी हाताला काम आणि मायेची देखरेख मिळाली. तीच मुले शांत व एकाग्र झाली.

हा विचार ताराबाई मोडक यांनी आपल्या मातीत रुजविला. १९४५ साली बोर्डी येथे त्यांनी ग्रामबालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. गरिबांची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, असे दिसताच ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द असा जन्मला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे अंगणवाडी देशभर पोहोचली.

वस्तीचे झाले, उत्पन्नाचे काय? अमेरिकेत डॉ. जेन कॉस्टेलो यांनी १,४२० मुलांच्या मनःस्वास्थ्याचा आठ वर्षे अभ्यास केला. मध्यंतरी तेथील आदिवासींच्या भूमीवर जुगारगृह निघाले आणि त्याच्या नफ्यातील वाटा प्रत्येक आदिवासी कुटुंबास मिळू लागला. पैशाचा उगम आपणांस रुचणारा नाही. परंतु २००३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. जी कुटुंबे दारिद्र्यातून वर आली, त्यांच्या मुलांतील आक्रमकता व उद्धटपणा कधीच गरीब नसलेल्या मुलांइतका खाली आला. आईबापांना मुलांकडे लक्ष देण्यास सवड मिळाली, हे त्याचे मुख्य कारण. चिंता आणि खिन्नता मात्र तशीच राहिली. पैशाने सर्वच दुखणी बरी होत नाहीत.

म्हणून एखाद्या मुलाला ‘वाया गेलेले’ म्हणण्यापूर्वी त्याच्या दारात जाऊन पाहावे. आई किती वाजता परतते? चूल पेटते का? खेळायला अंगण आहे का? ताराबाईंनी मुलाला बोलावणे धाडले नाही. त्या स्वतः त्याच्या अंगणात गेल्या. आपल्या घरापासून ते अंगण फार दूर नसते.