बागलाणचे फड

मराठी मुलखात वाळूचे वाळवंट नाही. परंतु सह्याद्रीच्या रांगा ओलांडून पूर्वेस उतरले की पाऊस झपाट्याने ओसरतो. नाशिक जिल्ह्यातील बागलाण तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले सटाणा अशाच पर्जन्यछायेत वसले आहे. पश्चिमेस १५६७ मीटर उंचीच्या साल्हेरसारखी शिखरे ढग अडवून धरतात आणि सटाण्याच्या वाट्याला वर्षाकाठी जेमतेम २० इंच पाऊस येतो. अशा भूमीत पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी पोट कसे भरले, हा प्रश्न आम्हांला राजेरजवाड्यांच्या इतिहासाइतकाच मोलाचा वाटतो.

त्याचे उत्तर मोसम आणि आरम या नद्यांच्या काठी सापडते. तेथील शेतकऱ्यांनी नदीपात्रात बंधारे बांधले, पाट काढले आणि पाटाखालचे शिवार तीन-चार भागांत विभागले. अशा प्रत्येक भागास ‘फड’ म्हणतात. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे. एकात ऊस, दुसऱ्यात गहू किंवा हरभरा, तिसऱ्यात बाजरी, असा क्रम लावून तो आळीपाळीने फिरवायचा. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे, पिके राखण्याचे जागल्याचे, देखरेखीचे हवालदाराचे. त्यांचा मोबदला सुगीच्या वेळी धान्यरूपाने दिला जाई.

या व्यवस्थेचे खरे मर्म टंचाईच्या वर्षी कळे. बहुतेक कुटुंबांची जमीन थोडीथोडी निरनिराळ्या फडांत असे. नदीला पाणी कमी असले की किती फड भिजवायचे, हे गावकरी मिळून ठरवीत. एखादा फड कोरडा राहिला, तरी तोटा सर्वांत वाटला जाई. एकाच घरची चूल विझत नसे.

१६३८ मध्ये बागलाण मोगलांच्या ताब्यात गेले. १६७२ मध्ये मराठ्यांनी साल्हेरची लढाई जिंकली. १८१८ नंतर इंग्रजांचा अंमल आला. राज्ये बदलली, पाटाच्या पाण्याचा निवाडा मात्र गावाकडेच राहिला.

वाटून खाण्याची आणखी एक आठवण सटाण्याने जपली आहे. १८७०-७१ च्या दुष्काळात मामलेदार यशवंत महादेव भोसेकर यांनी सरकारी खजिना भुकेल्यांसाठी खुला केला, असे सांगतात. लोक त्यांना ‘देवमामलेदार’ म्हणू लागले. त्यांच्या नावाने तेथे आजही यात्रा भरते.

पुढे मोसमवर हरणबारी आणि आरमवर केळझर ही धरणे झाली. विहिरींवर पंप बसले, कांदा, द्राक्षे आणि डाळिंब यांनी घरात पैसा आणला. ही समृद्धी कष्टाची आहे. तिला नावे ठेवण्याचा आम्हांला अधिकार नाही. पण पाणी ज्याच्या त्याच्या विहिरीचे झाले आणि अनेक ठिकाणी फड मोडले. आता विहीर आटली किंवा डाळिंबावर तेल्या पडला, की तो फटका बहुधा एकट्या कुटुंबाला सोसावा लागतो.

वसईच्या आमच्या वाचकांना हे परके वाटू नये. विहिरी आणि बावखले उपसून टँकर भरले जाऊ लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासह हरित वसईच्या चळवळीला त्याविरुद्ध उभे राहावे लागले. पाऊस भरपूर असूनही पाणी सर्वांचे मानले नाही, तर टंचाई येतेच.

इस्राएल लोकांना रानात मान्ना मिळाला, तेव्हा अधिक गोळा करणाऱ्यास उरले नाही आणि कमी गोळा करणाऱ्यास उणे पडले नाही, असे निर्गमच्या पुस्तकात आहे. बागलाणच्या शेतकऱ्याने तो ग्रंथ कदाचित पाहिलाही नसेल, पण त्याचा पाट त्याच न्यायाने वाहत होता. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण भाकर मागतो, ती ‘माझी’ म्हणून नव्हे, ‘आमची’ म्हणून. पाणीही त्याच शब्दाने मागावयास हवे.