घाटमाथ्यावरील पावसाळा : विरामाच्या ऋतूपासून सहलीच्या ऋतूपर्यंत

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात धबधबे, धुके आणि हिरवळ पाहावयास जाणे ही गोष्ट महाराष्ट्रात आज इतकी रूढ झाली आहे की, ती पूर्वापार चालत आली असावी असा समज सहज होतो. लोणावळा, खंडाळा, महाबळेश्वर, भंडारदरा, माळशेज ही नावे उच्चारताच प्रथम पाऊसच डोळ्यांपुढे उभा राहतो. वस्तुतः हा संबंध अलीकडचा आहे. शतकानुशतके घाटावरचा पावसाळा हा थांबण्याचा काळ होता. एकोणिसाव्या शतकात ज्यांनी थंड हवेची ठिकाणे वसविली, त्यांनीही ती पावसापूर्वी सोडून जावयाची म्हणूनच वसविली. थांबण्याचा हा ऋतू फिरण्याचा ऋतू कसा झाला, आणि या स्थित्यंतराच्या कोणत्या खुणा भाषेत उरल्या आहेत, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

१. विरामाचा ऋतू

प्रथम भूगोलाची एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीच्या भिंतीला अडून वर चढतात, थंड होतात आणि आपला भार माथ्यावरच उतरवितात. महाबळेश्वरी वर्षाकाठी साधारणतः साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पूर्वेस सुमारे तीस किलोमीटरांवर असलेल्या वाईस तो एक हजाराच्याही आत येतो. म्हणजे ‘महाराष्ट्राचा पावसाळा’ असा एकच ऋतू नाही. देशावर पाऊस ही वाट पाहावयाची गोष्ट आहे, तर घाटमाथ्यावर ती निभावून न्यावयाची गोष्ट आहे.

चातुर्मासाची कल्पना या अनुभवाशी जुळणारी आहे. संन्याशांनी व जैन मुनींनी या काळात एका ठिकाणी राहावे असा नियम होता, आणि बौद्ध भिक्षूंचा वर्षावासही तशाच स्वरूपाचा होता. लोणावळ्याजवळच्या भाजे व कार्ले येथील विहारांना आजचा प्रवासी पावसात मुद्दाम भेट देतो. ज्या भिक्षुसंघासाठी ते कोरले गेले, त्याच्या दृष्टीने मात्र पावसाळा हा भ्रमण थांबविण्याचा काळ होता. प्राकृत व संस्कृत काव्यांतील संकेतही हेच सांगतो. मेघ दिसू लागताच पथिक घराकडे वळतो, आणि ज्याला वळता येत नाही त्याचा विरह हा काव्याचा विषय होतो. पावसाळ्यात घराबाहेर असणे हे तेथे सुख नसून दुःख आहे.

राज्यव्यवहारातही हाच नियम दिसतो. ‘छावणी’ हा शब्द आज कोणत्याही लष्करी तळाला लावला जातो. त्याचे मूळ ‘छावणे’, म्हणजे वर आच्छादन घालणे, शाकारणे, या क्रियेत आहे. मराठी कागदपत्रांत फौज छावणीस राहिली असे येते तेव्हा तिने पावसाळा एका जागी काढला, असा अर्थ पुष्कळदा अभिप्रेत असतो. दसऱ्याचे सीमोल्लंघन हा त्या विरामाचा शेवट होय. १६५९ च्या पावसाळ्यात अफझलखानाचा तळ वाईस होता आणि शिवाजी महाराज जावळीच्या अरण्यात प्रतापगडावर होते. दोहोंमध्ये अंतर थोडे, पण पाऊस आणि घाट आडवे होते. भेट घडली ती १० नोव्हेंबर रोजी, पाऊस सरल्यावर.

नियमाला अपवाद घडला तो पुढच्याच वर्षी. सिद्दी जौहरने पन्हाळ्याचा वेढा पावसातही उठविला नाही. तेव्हा जुलै १६६० मध्ये महाराज भर पावसात, रात्री, विशाळगडाकडे निसटले. पन्हाळा ते पावनखिंड ही वाट आज दर जुलैमध्ये शेकडो तरुण चालतात. ज्या काळी त्या वाटेने कोणी जाणार नाही असे गृहीत धरलेले होते, नेमक्या त्याच काळी ती चालली गेली, यातच त्या घटनेचे साहस आहे.

पंढरीची आषाढी वारी हा दुसरा अपवाद पुढे केला जाईल. पण आळंदी व देहू येथून निघणारे पालखीमार्ग पूर्वेकडे, कमी पावसाच्या प्रदेशात जातात. वारी पाऊस अंगावर घेते, पण त्याच्या मुखात शिरत नाही.

घाटमाथ्यावर राहणाऱ्यांच्या भाषेत या विरामाची तयारी नोंदली गेली आहे. पाऊस लागण्याच्या सुमाराला कोकणात ‘आगोट’ म्हणतात, आणि तत्पूर्वी धान्य, मीठ, सुकी मासळी, सरपण यांची ‘बेगमी’ करावयाची असते. घर शाकारणे, इरली विणणे, घोंगडीची खोळ करणे, राब भाजणे, चिखलणी, आवणी हे सर्व शब्द श्रमाचे आहेत. ‘झड’, ‘सर’, ‘पागोळी’ हे शब्दही पाऊस दुरून पाहणाऱ्याचे नसून छपराखाली बसून त्याचा अंदाज घेणाऱ्याचे आहेत.

२. पाठ फिरविलेली गिरिस्थाने

महाबळेश्वराचे क्षेत्र प्राचीन आहे. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री व सावित्री यांचा उगम तेथे मानला जातो, आणि ६ जानेवारी १६६५ रोजी सूर्यग्रहणाच्या पर्वणीवर जिजाबाईंची सुवर्णतुला तेथेच झाली. इंग्रजांच्या दृष्टीने मात्र या डोंगराला महत्त्व आले ते १८२४ साली, जनरल लॉडविक तेथे चढून गेल्यानंतर. साताऱ्याचे रेसिडेंट कर्नल ब्रिग्ज यांच्या सूचनेवरून छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी रस्ता करविला. १८२९ च्या तहान्वये वाई भागातील खंडाळा गावाच्या मोबदल्यात हा प्रदेश कंपनीकडे गेला, आणि गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या नावाने माल्कमपेठ वसली.

ही वसाहत उन्हापासून पळण्यासाठी होती. तिचा ‘सीझन’ उन्हाळ्याचा, आणि दुय्यम सीझन पावसाळा संपल्यावरचा. जूनमध्ये पाऊस लागण्यापूर्वी बंगले रिकामे होत. भिंतींना पावसाच्या बाजूने गवताचे आच्छादन बांधले जाई आणि मागे राहत ते रखवालदार व गावकरी. मुंबई सरकारचे फिरते वेळापत्रक या दृष्टीने उद्बोधक आहे : हिवाळ्यात मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर आणि पावसाळ्यात पुणे. पुण्यास घाटमाथ्याच्या पावसाचा जेमतेम आठवा भाग पडतो, म्हणूनच ते राज्यकर्त्यांचे पावसाळी नगर ठरले. गणेशखिंडीतील गव्हर्नरांचा प्रासाद, जेथे पुढे पुणे विद्यापीठ आले, या व्यवस्थेचेच फळ होय. पुण्यातील घोड्यांच्या शर्यतींचा हंगाम आजही पावसाळ्यात असतो, तो या जुन्या वेळापत्रकाचाच अवशेष आहे. ‘सीझन’ हा एकच शब्द महाबळेश्वरी उन्हाळ्याचा आणि पुण्यास पावसाळ्याचा वाचक होता.

माथेरानची कथा वेगळी नाही. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० साली ते स्थान पुढे आणले, १९०७ साली नेरळहून छोटी आगगाडी वर गेली, पण पावसाळ्यात घाटातील ती गाडी बंद ठेवण्याचा प्रघात पडला.

या काळाने भाषेला एक नवा शब्द दिला, तो म्हणजे ‘पॉइंट’. स्थानिक नावे डोंगराची किंवा वाटेची असत. ‘सिंदोळा’ हे एका डोंगराचे नाव होते, तेथे विल्सन पॉइंट झाला. ‘नाकेखिंड’ हे वाटेच्या आकाराचे वर्णन होते, तेथे केट्स पॉइंट आला. जुनी नावे येथे काय आहे आणि कोठून जावयाचे हे सांगत, नवी नावे कोठे उभे राहून पाहावयाचे एवढेच सांगतात. जाण्याच्या भूगोलावर पाहण्याचा भूगोल असा चढविला गेला. तो तेव्हा केवळ कोरड्या महिन्यांपुरता होता.

३. साठविलेला पाऊस

घाटावरच्या पावसाकडे संपत्ती म्हणून प्रथम पाहिले ते अभियंत्यांनी. बोरघाटातील गाडीरस्ता १८३० साली खुला झाला आणि १८६३ साली पंचवीस बोगद्यांतून जाणारा लोहमार्ग. यानंतर खंडाळा व लोणावळा बारमाही झाले. लोणावळ्याजवळचा भुशी येथील बंधारा रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधलेला. आज सहलीस येणारे ज्या पायऱ्यांवर बसून पाणी अंगावर घेतात, त्या मुळात सांडव्याच्या आहेत.

पुढची पायरी विजेची. टाटांच्या योजनेने लोणावळा, वळवण व शिरवटा येथील तलावांत पाऊस अडविला आणि तो पाचशे मीटरांहून अधिक खाली खोपोलीस सोडून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविली. याच कल्पनेतून मुळशीचे धरण आले. तेथे मात्र पावसाची किंमत आणि जमिनीची किंमत यांचा उघड झगडा झाला. १९२१ साली सुरू झालेल्या मुळशी सत्याग्रहात, सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली, मावळ्यांनी आपली भाताची खाचरे वाचविण्याचा प्रयत्न केला. तो निष्फळ ठरला. गावे पाण्याखाली गेली, आणि १९२७ पासून भिरा येथे वीज निघू लागली. आज ताम्हिणी घाटाकडे जाणारा प्रवासी मुळशीच्या जलाशयापाशी थांबून त्या देखाव्याचे कौतुक करतो, त्या पाण्याखाली आवणीची शेते आहेत.

भंडारदऱ्याचा विल्सन बंधारा १९२६ साली पुरा झाला. तेथील प्रसिद्ध ‘अंब्रेला’ धबधबा हा धरणातून पाणी सोडले म्हणजे दिसणारा धबधबा आहे. महाबळेश्वरचा वेण्णा तलावही निसर्गदत्त नव्हे. तो साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी १८४२ साली करविलेला आहे. यावरून एवढे दिसते की, पावसाळी निसर्गस्थळे म्हणून जी नावाजली, त्यांतील पुष्कळशी मानवी बांधकामे आहेत. पाऊस प्रथम वापरण्याजोगा झाला आणि मग पाहण्याजोगा झाला.

४. पाहण्याचा पाऊस

नोकरदार वर्ग, ठरलेली साप्ताहिक सुट्टी आणि जलद वाहन यांचा योग विसाव्या शतकात जुळला. १ जून १९३० रोजी सुरू झालेली ‘डेक्कन क्वीन’ प्रारंभी आठवड्याच्या अखेरीचीच गाडी होती. गिर्यारोहणाची आवड संस्थाबद्ध होऊ लागली, मुंबईतील ‘गिरिविहार’ची स्थापना १९५४ ची. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यावर घाटमाथा दोन महानगरांच्या अर्ध्या दिवसाच्या अंतरात आला. ‘सीझन’ या शब्दाचा अर्थ पुन्हा फिरला. लोणावळ्यास तो आता पावसाळ्याचा झाला. २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत कास पठार होते. तेथे पाऊस ओसरताना फुलणाऱ्या फुलांसाठी एवढी गर्दी लोटली की, रोजच्या पाहुण्यांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली.

या बदलाला केवळ नगरवासीयांची लहर म्हणून हिणविणे योग्य नव्हे. ज्या गावांना पावसाळ्यात भातापलीकडे उत्पन्न नव्हते, त्यांना भाकरी-पिठले, कणीस व मुक्काम यांतून रोख पैसा मिळू लागला. परंतु पाहणाऱ्याचा पाऊस आणि राहणाऱ्याचा पाऊस यांतील अंतर मिटले नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण डोंगराखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये कोसळले, त्याच चोवीस तासांत वर महाबळेश्वरी जवळजवळ सहाशे मिलिमीटर पाऊस झाला होता. १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडी गेली. इरशाळगडावर जाणाऱ्यांची वाट त्याच वाडीतून होती. पुढच्या वर्षी, ३० जून २०२४ रोजी, भुशी धरणाजवळच्या प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यानंतर पुणे जिल्ह्यात धबधबे व धरणे यांच्या परिसरात जाण्यावर निर्बंध घालणारे आदेश निघाले.

समारोप

हे आदेश इतिहासाच्या दृष्टीने विचारार्ह आहेत. चातुर्मास, छावणी आणि आगोट यांनी जे रूढीने साधले होते, ते आता दंडाच्या भीतीने साधावयाचे आहे. तथापि दोहोंत एक भेद आहे. जुना विराम सर्वांचा होता : सेनापती, भिक्षू आणि शेतकरी तिघेही थांबत, आणि घर शाकारलेले व धान्य भरलेले असेल तरच थांबता येते हे त्या रूढीला ठाऊक होते. आजचा आदेश पाहुण्याला परत पाठवितो. डोंगराच्या उतारावरील वाडी जेथे होती तेथेच राहते, आणि तिची आगोट कोणी भरली आहे की नाही हा प्रश्न आदेशाच्या कक्षेत येत नाही.

म्हणून घाटमाथ्याच्या पावसाळ्याचा इतिहास लिहिताना पॉइंटांची यादी पुरेशी नाही. सिंदोळा, नाकेखिंड, आगोट, बेगमी, इरले यांसारखे शब्द केवळ बोलीचे अलंकार नव्हेत. कोणत्या उतारावर, कोणत्या महिन्यात, काय करू नये याचे ज्ञान त्यांत साठविलेले आहे. मुळशीच्या खाचरांप्रमाणे हे ज्ञान पाण्याखाली गेले तर ते पुन्हा वर काढता यावयाचे नाही. मावळ व कोकणातील वाड्यांवर ते बोलणारी पिढी आज हयात आहे, आणि तिच्याकडून त्याची नोंद करून घेण्यास अद्याप अवसर आहे.